फोटू लय भारी, पर आमी कुठं हाय?

शिरवळच्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं प्लास्टिकच्या झाकणांकडे बघत बसलो होतो. पट्ट्यावरून झाकणं सरकत यायची. एखाद्याला चरा दिसला, बुडबुडा दिसला, कड वाकडी दिसली, की ते उचलून लाल पेटीत टाकायचं. एवढंच काम. पण इतकी वर्षं दोष काढून काढून आपली नजर फार तयार झालीय, असा माझा पक्का समज झाला होता. मग एक दिवस कारखान्यानं पट्ट्याच्या वर एक कॅमेरा बसवला. तो माझ्यापेक्षा वेगानं झाकणं तपासायचा, चहाला उठायचा नाही आणि सुट्टी मागायचा नाही. महिन्याभरात मी रहिमतपूरला घरी येऊन बसलो.

घरी बायको ब्लाउज शिवायची. तिचं मशीन पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि जरा आवाज चढवून म्हणालो, "ज्या कॅमेऱ्यानं माझी नोकरी घेतली ना, त्याच कॅमेऱ्यावर मी आता पोट भरणार. लग्नाचे फोटो काढणार."

तिनं तोंडातली टाचणी काढून हातात घेतली. "त्यो क्यामेरा एका जागी गप बसून काम करतोय," ती म्हणाली. "तुमाला जमंल का?"

मी ते हसण्यावारी नेलं. साताऱ्यातून एक वापरलेला, पण चांगला कॅमेरा आणला. दोन महिने मोबाइलवर व्हिडिओ बघून शिक्षण घेतलं. त्या व्हिडिओतले सगळे गुरू एकाच शब्दावर येऊन थांबायचे: कँडिड. म्हणजे कुणाला उभं करायचं नाही, इकडं बघा म्हणायचं नाही, हसा म्हणायचं नाही. जे घडतंय ते गुपचूप टिपायचं. हे मला फारच आवडलं, कारण लोकांना उभं करायचं म्हणजे त्यांच्याशी बोलावं लागतं, आणि अकरा वर्षं झाकणांशी राहून मला ते जड जात होतं. मी मात्र स्वतःला सांगितलं, की मी कलावंत आहे.

दारावर आधीपासून पाटी होती, 'येथे ब्लाउज, पिको-फॉल करून मिळेल.' तिच्या वर मी माझी पाटी लावली. नाव इंग्रजी ठेवलं होतं, लांबलचक. रंगवणाऱ्यानं त्यातलं एक अक्षर खाल्लं, पण ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण मुळात ते कुणाला वाचताच येत नव्हतं.

पहिलं काम मिळालं ते पट्ट्यावरच्या जुन्या सोबत्याकडून. तो माण तालुक्यातला, दहिवडीच्या पुढच्या एका गावचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, आता थोडी शेतीही. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. फोनवर म्हणाला, "तू काढतोयास नव्हं फोटू? मग बाहेरचा मानूस कशाला बघू, गड्या?"

घरासमोरच मांडव होता. उन्हाळ्याचे दिवस, वर कापड असूनही खालची माती तापलेली. सोबत्याचे वडील तांबडा पटका बांधून दारात उभे होते, येईल त्याला मिठी मारत होते. त्यांच्या चार बहिणी आल्या होत्या. थोरली त्याच गावात दिलेली, दुसरी मुंबईला, तिसरी सांगलीकडं. धाकटी मेंढरांमागं असायची. दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर टाकून घाट उतरून कोकणात जायची, ती पावसाळ्याच्या तोंडाला परत. त्यामुळं ती कुठल्याच लग्नाला सापडत नसे. या वेळी मेंढरं नवऱ्याच्या हवाली करून ती दोन दिवसांसाठी आली होती.

चौघी हातात हात घालून माझ्यासमोर आल्या. सोबती त्यांना आत्ती म्हणायचा, म्हणून मीही म्हणालो. थोरल्या आत्ती म्हणाल्या, "दादा, आमा चौघींचा एक काढ."

"आत्ती, असं कॅमेऱ्याकडं बघायचं नसतं आता," मी म्हणालो. "तुम्ही आपसात बोलत राहा. मी काढतो बरोबर."

बिचाऱ्या सांगितलं तसं बोलायला लागल्या. मी त्यांच्याभोवती घिरट्या घातल्या. एकीच्या कानातली बुगडी टिपली. एकीचा सुरकुतलेला हात टिपला. चुलीच्या धुरामागं एकीचा अर्धा चेहरा फार सुंदर दिसत होता, तोही टिपला. चौघी एका फोटोत एकदाही आल्या नाहीत. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. उलट त्या धुराच्या फोटोवर मी इतका खूश झालो, की तिथंच उभा राहून तो पाच वेळा मोठा करून बघितला.

अक्षतांच्या वेळी मला आणखी एक कल्पना सुचली. सगळे वरून काढतात, आपण खालून काढू. वरून पडणाऱ्या अक्षता, मागं मांडवाचं कापड. मी बोहल्याच्या बाजूला मातीत उताणा पडलो, कॅमेरा छातीवर धरला, एक डोळा मिटला आणि वाट बघू लागलो. मंगलाष्टका सुरू झाल्या. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "आरं, फोटूवाल्याला झीट आली!"

मी नाही नाही म्हणेपर्यंत एका आजोबांनी माझी मान मांडीवर घेतली होती. दुसऱ्या कुणीतरी तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. तिसऱ्यानं बुक्कीनं कांदा फोडून माझ्या नाकाला लावला. "हुंग, लेकरा, हुंग," आजोबा म्हणाले. मी हुंगला. शेवटचं 'सावधान' मी कांद्याच्या वासात ऐकलं. त्या मुहूर्ताचा माझ्याकडे एकच फोटो आहे. त्यात कांदा आहे, आणि तोही नीट आलेला नाही.

तरी अल्बम मी मन लावून केला. जाड पानांचा, प्रत्येक पानावर एकच मोठा फोटो, बाकी जागा कोरी. तो घेऊन मी गावी गेलो. ओसरीवर सोबत्याचे वडील बसले होते. शेजारी थोरल्या आत्ती. घरातली बाकीची माणसं मागं उभी राहिली. वडिलांनी हात धुऊन, पुसून अल्बम मांडीवर घेतला. एक एक पान शेवटपर्यंत सावकाश उलटलं.

मग ते म्हणाले, "फोटू लय भारी हायती. पर आमी कुठं हाय?"

"हे बघा ना," मी पान काढून दाखवलं. "हा तुमचा हात. मुहूर्ताआधी अक्षता धरलेला."

त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. मग आपला हात त्याच्या शेजारी ठेवून बघितला. "व्हय," ते म्हणाले. "माझाच हाय."

थोरल्या आत्ती थोड्या पुढं झाल्या. "आन आमा चौघींचा?"

मी बुगडीचं पान काढलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं. "ह्यो कान धाकटीचा," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सोबती मला गाडीपर्यंत सोडायला आला. माझं तोंड बघून म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नगंस. तुझ्या परीनं केलंस तू." मग म्हणाला, "आत्तींची आई, आमची आजी, गेली तवा बी चौघी एका जागी न्हवत्या. धाकटीला कळायलाच चार दिस लागलं. म्हनून आत्तीला हौस हुती, दुसरं काय न्हाई."

दहिवडी ते रहिमतपूर मी कसा आलो ते आठवत नाही. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि पहिल्यांदाच बायकोला सगळे फोटो दाखवले. तोवर मी ते तिला दाखवले नव्हते; तिला त्यातलं कळणार नाही असं मला वाटायचं. तिनं एकेक फोटो बघितला. हात, कान, पाय, पटक्याचं टोक.

"तुमी झाकणंच तपासलीत," ती म्हणाली.

मी लॅपटॉप मिटला.

"धाकटी पावसाच्या तोंडाला परत येती म्हनालात नव्हं? मग तवा जाऊया परत. मी पन येते."

तशी वेळ आली. आखाडात त्यांच्या गावच्या देवाला नैवेद्य होता आणि नव्या जोडप्याला पाया पडायला बोलावलं होतं. त्यासाठी चौघी येणार होत्या. आम्हीही गेलो. मला वाटलं होतं दारातच कुणीतरी सुनावेल, पण वडिलांनी नेहमीसारखी मिठी मारली आणि आधी जेवायला बसवलं.

जेवणं झाल्यावर बायकोनं चौघींना अंगणातल्या लिंबाखाली नेलं. मी कॅमेरा घेऊन मागं. ती त्यांच्याशी काय बोलत होती ते मला नीट ऐकू येत नव्हतं, पण हात चाललेले दिसत होते. एकीचा पदर तिनं खांद्यावर बसवला. एकीचा खांदा दोन बोटं मागं ढकलला. इतकी वर्षं ब्लाउजची मापं घेऊन बायकांचे खांदे तिला पाठ झाले होते. कुणाचा उतरता, कुणाचा एक वर एक खाली, हे ती लांबून सांगायची. धाकटीचं कंबरडं दुखत होतं, ते तिला न सांगता कळलं. तिला पुढं पाटावर बसवलं. मुंबईची आणि सांगलीची आधी दोन टोकांना उभ्या होत्या. "तुमचं दोघींचं काय बिनसलंय का?" असं बायकोनं सरळ विचारलं. दोघी आधी बघत राहिल्या, मग एकदम हसल्या, आणि मुंबईची सरकून सांगलीच्या शेजारी आली.

"हां, आता दाबा," बायको मला म्हणाली.

मी बटण दाबलं. त्या कामात माझा वाटा एवढाच. फोटो अगदी सरळ आला. चौघी समोर बघताहेत, कुणाचंही तोंड झाकलेलं नाही, मागं लिंबाचं खोड. माझ्या गुरूंनी तो फोटो बघितला असता तर मला वर्गातून हाकलून दिलं असतं. थोरल्या आत्तींनी कॅमेऱ्याच्या छोट्या काचेत बघितलं आणि चौघींची नावं एकामागून एक घेतली, हजेरी घ्यावी तशी. "ह्यो पैल्या पानावर लाव," त्या म्हणाल्या.

यावरून मी काही शिकलो असं कुणाला वाटेल. छे. पुढचे चार महिने मी सगळ्यांना सांगत फिरत होतो, की माणला जाऊन मी चार बहिणींचा काय अप्रतिम फोटो काढला. दिवाळीला पाहुण्यांपुढं तो दाखवताना मी प्रकाशाबद्दल, झाडाच्या सावलीबद्दल बोललो. बायको शेजारीच करंज्या तळत होती. तिनं मान वर केली नाही.

नंतर आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्या चाचांच्या मुलीचं लग्न निघालं. चाचा माझ्याकडे आले, खुर्चीत बसले आणि जरा संकोचून म्हणाले, "बाहेरचं सगळं तुम्ही काढा. पण आत बायकांमध्ये पुरुष माणूस चालणार नाही. आत भाभींना पाठवाल का? पोरीचे कपडे त्यांनीच शिवलेत. त्यांच्यासमोर ती लाजणार नाही."

मी हो म्हणालो, कारण नाही म्हटलं असतं तर कामच गेलं असतं. मग बायकोला समोर बसवून मी व्याख्यान सुरू केलं. प्रकाश म्हणजे काय, अंतर म्हणजे काय, श्वास कसा रोखायचा. अर्धा तास झाल्यावर ती म्हणाली, "मशीनमधे दोरा ओवायला मी तुमाला तीन येळा शिकवलं. तवा एवढं बोलले हुते का मी?" मी कॅमेरा ऑटोवर टाकून तिच्या हातात दिला. स्वतःसाठी एक भाड्यानं आणला.

लग्नाच्या दिवशी मी बाहेरच्या मांडवात होतो. काजीसाहेब, नवरदेव, नवरदेवाचे मित्र, खुर्च्यांच्या रांगा, बिर्याणीची डेग. डेगेवर माझा फार जीव जडला. वाफ, झाकण, झाकणाची कड. बायको आत होती. दोन-अडीच तासांनी बाहेर आली, कॅमेरा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाहीला एक टाका घालायचा ऱ्हायलाय," आणि परत आत गेली.

घरी येऊन मी तिचे फोटो लॅपटॉपवर टाकले. चुका काढायच्या तयारीनं बसलो होतो.

नवरी आरशासमोर बसून खळखळून हसतेय, आणि तिची बहीण दातांनी दोरा तोडतेय. मेंदीचे हात वर धरून एक बाई दुसरीच्या हातून घास खातेय. तीन मुली एकाच ओढणीखाली एकमेकींच्या कानात काहीतरी सांगताहेत. आणि एका फोटोत नवरीची आई कोपऱ्यात एकटी ओढणीला इस्त्री करतेय. पाठमोरी आहे. इस्त्री थांबलेली आहे आणि ती समोरच्या भिंतीकडं बघतेय. बस, एवढंच.

ज्याला कँडिड म्हणतात ते हे होतं. मी मातीत लोळून, कांदा हुंगून जे मिळवू शकलो नव्हतो, ते तिनं ऑटोवर काढलं होतं. त्या खोलीत ती आहे हे कुणाला जाणवलंच नव्हतं, कारण अशा खोल्यांत ती पंधरा वर्षं टाचण्या तोंडात धरून वावरत आलीय. मी कुठंही गेलो तरी लोकांना आधी मी दिसतो.

एवढं सगळं मला त्या क्षणी कळलं होतं. तरी तोंडातून निघालं ते असं: "इथं थोडा हललाय फोटो."

ती मशीनवर जाऊन बसली.

पुढं जे केलं ते लिहायला लाज वाटते. अल्बम मी एकट्यानं मांडला. माझे फोटो पानभर घेतले. तिचे घेतले, पण बारीक करून, एका पानावर आठ-आठ. इस्त्रीचा फोटो तर टपाल तिकिटाएवढा केला. अल्बम छापायला देण्याआधी चाचांची मुलगी सासरहून आली होती, ती नमुना बघायला आली. पानं चाळून झाल्यावर तिनं अगदी नम्रपणे विचारलं, "काका, डेगचे सहा फोटो आहेत. अम्मीचा एकच, आणि तो पण एवढासा. बदलता येईल का?"

"येईल की," मी म्हणालो.

ती गेल्यावर मी बायकोपाशी गेलो. ती काज करत होती. म्हणालो, "मी तुझे फोटो मुद्दाम बारीक केले होते."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुमी पानी प्यायला गेला तवा मी बघितलं हुतं."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं सुई कापडात खोचून ठेवली. "आवं, तुमची नोकरी गेलीया. आता ह्ये बी काढून घेऊ का तुमच्याकडनं?"

अकरा वर्षांत माझ्या वरच्या साहेबानं मला कधी इतकं सांभाळून घेतलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "अल्बम आपण दोघं मिळून मांडू." तिनं खुर्ची ओढली आणि लॅपटॉपसमोर बसली. पहिल्या अर्ध्या तासात तिनं डेगेचे पाच फोटो काढून टाकले. सहावा ठेवला, माझ्यासाठी, असं म्हणाली.

तेव्हापासून लग्नात मुख्य कॅमेरा तिच्याकडं असतो. सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. ब्लाउजवाल्या बायका नाराज झाल्या. लग्नसराईत त्यांची कामं रखडायची. तिला बॅटरी बदलायचं लक्षात राहत नाही. नवरदेवाकडच्या काही मंडळींना बाई कॅमेरा घेऊन पुढं आलेली रुचत नाही, ते माझ्याकडं बघून बोलतात, आणि मी तिच्याकडं बघतो. मी गाडी चालवतो, बॅटऱ्या भरतो, लॅपटॉपवरचं काम करतो आणि दिव्याची छत्री धरतो. पांढऱ्या कापडाची ती छत्री चेहऱ्यावर मऊ उजेड पाडते. तिला वाटतं मी ती वाकडी धरतो. मला वाटतं ती आधी छत्री वर धरायला सांगते आणि मग खाली हवी होती म्हणते. यावर आमचं रोज भांडण होतं.

परवा सांगलीत एक लग्न होतं. हळदीच्या व्यापारातली मंडळी, मोठं कार्यालय, नवरीकडच्या बायकांचा नुसता गलबला. ही नवरीच्या खोलीत होती आणि मी बाहेर छत्री मिटून उभा होतो. नवरीचे मामा आले. गोरेगोमटे, हौशी गृहस्थ. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुम्ही कुणाकडचे?"

"फोटोवाल्या बाईंचा नवरा," मी म्हणालो.

"मग इथं कशाला ताटकळताय? तुमचं काय काम आहे? चला, पहिल्या पंगतीला बसा."

काय काम आहे हे त्यांना समजावून सांगावं असं मनात आलं होतं, पण आतून जिलेबीचा वास येत होता. मी त्यांच्या हातात छत्री दिली, "जरा धरता का, हात धुऊन येतो," म्हणालो आणि पंगतीला बसलो. जिलेबी दोनदा घेतली. मठ्ठा तीनदा.

परत आलो तेव्हा सप्तपदी चालू होती. बायको स्टुलावर चढून फोटो काढत होती, आणि मामा तिच्या उजव्या बाजूला छत्री धरून, गुडघ्यात वाकून, श्वास रोखून उभे होते. "आनखी जरा वर, मामा," ती म्हणत होती, आणि ते वर करत होते. मी पुढं होऊन छत्रीला हात घातला. तिनं कॅमेऱ्यातून डोळा न काढता मान हलवली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्येंना बरोबर जमतंय."